पत, ऐपत आणि पतगुणांक

(हेब्बाळ येथील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



पैशाच्या व्यवहाराविषयी मराठीत दोन जुने शब्द आहेत : ऐपत आणि पत. कानाला ते सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांचे अर्थ निराळे आहेत. मुलीचे लग्न ऐपतीप्रमाणे करावे असे म्हणतात, तेव्हा घरात किती पैसा आहे याचा विचार असतो. अमक्याची बाजारात पत आहे असे म्हणतात, तेव्हा त्याच्या शब्दावर दुसऱ्यांचा किती विश्वास आहे हे सांगायचे असते. ऐपत माणसाच्या तिजोरीत असते, पत इतरांच्या मनात असते. तिजोरी भरलेली असूनही ज्याला कोणी उधार देत नाही अशी माणसे प्रत्येक गावात असत, आणि अंगावर ठिगळाचा सदरा असूनही ज्याच्या शब्दावर वाणी महिन्याचा किराणा देई अशीही असत.

या दोन शब्दांतला भेद आज हेब्बाळसारख्या वस्तीत नव्याने समजून घेण्याची वेळ आली आहे. बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर, धारवाड या भागांतून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे विमानतळ रस्त्याच्या आजूबाजूला, नागवाराच्या बाजूच्या मान्यता टेक पार्कच्या परिसरात, हेब्बाळ तलावाच्या अलीकडे-पलीकडे स्थिरावत आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांची ऐपत आईवडिलांच्या ऐपतीपेक्षा कितीतरी अधिक आहे. तरीही घरासाठी कर्जाचा अर्ज केला म्हणजे बँकेतला अधिकारी पगाराच्या कागदाकडे नंतर पाहतो, आधी संगणकावर एक तीन आकडी संख्या पाहतो. लोक तिला ‘सिबिल’ म्हणतात. ती ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असते आणि तिच्यात पगाराचा उल्लेखसुद्धा नसतो. बँकेतली शिल्लक, गावाकडची शेती, आईच्या अंगावरचे सोने, यांपैकी काहीही त्या संख्येत मोजले जात नाही. ती ऐपतीची संख्या नव्हेच. घेतलेले पैसे ठरल्या दिवशी परत केले की नाही, एवढाच मुख्य प्रश्न ती विचारते. म्हणजे जुना ‘पत’ हा शब्दच आकड्याच्या रूपाने परत आला आहे.

मात्र एक मोठा फरक पडला आहे. पूर्वी आपली पत काय आहे हे माणसाला ठाऊक असे. वाण्याच्या चेहऱ्यावरून, पतपेढीच्या चिटणिसाच्या स्वरावरून ते कळे. आज ती एका अशा टिपणवहीत लिहिली जाते, जी बहुतेकांनी कधी उघडलेली नसते. वही आपली, नाव आपले, आणि वाचणारा मात्र दुसराच. ही अवस्था मराठी मुलखाला नवी नाही.

ज्या शहाजीराजांकडे पुणे आणि सुपे या परगण्यांची जहागीर होती, त्यांच्याकडेच १६३८ नंतर बंगळूरही आले. त्यामुळे या शहराचा आणि सुप्याचा धागा जुना आहे. त्याच सुप्यात १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. इतिहासाच्या पुस्तकांत त्यास ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. त्या दंग्यांतली लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, बहुतेक ठिकाणी जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकाराने रोखे मुकाट्याने दिले तर पुष्कळदा त्याला धक्का लागला नाही.

कागदांवर इतका राग का असावा? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या भरात कर्ज सहज मिळाले. युद्ध संपताच भाव कोसळले आणि शेतसारा मात्र वाढला. हे झाले मोठे कारण. पण रोजचे, घराघरात जाचणारे कारण वेगळे होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू शेतकऱ्याच्या हिताचा होता. घडले ते उलटे. मुदत संपत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई, आणि तीन वर्षांनी पुन्हा नवा. शेतकरी त्या रोख्याखाली नांगराची निशाणी करी. काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे. किती फेडले याची पावती मिळत नसे. आपल्याच नावाच्या खात्यात काय चालले आहे हे ज्याला कळत नाही, तो शेवटी खाते जाळायला निघतो.

पुढे १८७९ मध्ये ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ झाला. या कायद्याने व्याजाचा मागील हिशेब उकरून पाहण्याचा अधिकार न्यायालयांना दिला, हे बहुतेकांना माहीत असते. परंतु त्यातली एक लहानशी तरतूद फारशी कोणी आठवत नाही. कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्याला लेखी पावती मिळाली पाहिजे, वर्षातून एकदा त्याच्या खात्याचा उतारा मागण्याचा त्याला हक्क असेल, आणि मागितल्यास पासबुकात हिशेब लिहून द्यावा लागेल, असे तो कायदा सांगत होता. वर्षातून एकदा स्वतःच्या खात्याचा उतारा! आज रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून दर वर्षी एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. हा नियम २०१६ मध्ये जाहीर झाला आणि जानेवारी २०१७ पासून लागू झाला. दोन्हींमध्ये सुमारे १३७ वर्षांचे अंतर आहे, आणि हक्क जवळजवळ शब्दशः तोच आहे. १८७९ चा शेतकरी निरक्षर होता म्हणून त्याला त्या हक्काचा पुरेसा उपयोग करता आला नाही. हेब्बाळच्या पदवीधरांना ती सबब नाही.

मधल्या काळात मराठी समाजाने पत सांभाळण्याची एक स्वतःची रीत उभी केली, तिचाही उल्लेख व्हायला हवा. १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन झाली. तेव्हा सहकाराचा कायदाही नव्हता; तो १९०४ मध्ये आला. त्यानंतर लगेच, १९०५ मध्ये, आजच्या गदग जिल्ह्यातील कणगिनहाळ या गावी सिद्दनगौडा पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था उभी राहिली. ते गाव त्या वेळी मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्यात होते, म्हणजे कन्नड आणि मराठी माणसांच्या पतव्यवहाराचा हा सामाईक वारसा आहे. या संस्थांत कर्ज कोणाला द्यायचे हे ओळखीवर ठरे. समिती त्याच गावची, कर्जदार त्याच गावचा. पावसाने पीक बुडाले की व्यसनाने, हे समितीला सांगावे लागत नसे. त्या ओळखीत अन्यायही होता. जातीमुळे, भाऊबंदकीमुळे, राजकारणामुळे अनेकांना दारातूनच परत जावे लागले. जुने ते सगळे चांगले होते असे मानण्याचे कारण नाही.

शहरे वाढली, बँकेला दारात आलेला माणूस ओळखू येईनासा झाला, आणि एका बँकेचे पैसे बुडवून दुसऱ्या बँकेत नवे खाते काढणे सोपे झाले. यावर उपाय म्हणून एन. एच. सिद्दिकी यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाच्या शिफारशीनंतर ऑगस्ट २००० मध्ये ‘क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सिबिल’ हे नाव पडले. २००५ मध्ये संसदेने या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २००६ च्या डिसेंबरात तो अमलात आला. आज देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येक बँकेने आणि वित्तसंस्थेने चारही कंपन्यांना माहिती द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती दर पंधरवड्याला पाठवणे बंधनकारक झाले. प्रत्येक कंपनी आपापल्या सूत्राने गुणांक काढते, म्हणून एकाच माणसाचे चार ठिकाणी चार वेगळे आकडे दिसले तर घाबरू नये. एका ठिकाणी एखादे कर्ज दिसते आणि दुसऱ्या ठिकाणी दिसतच नाही, असे असेल तर मात्र चौकशी करावी.

गुणांकापेक्षा अहवाल महत्त्वाचा आहे. परीक्षेच्या निकालात केवळ टक्केवारी पाहून पालकांनी घरी जावे आणि कोणत्या विषयात काय झाले ते पाहूच नये, तसे गुणांकाचे झाले आहे. भ्रमणध्वनीवरील निरनिराळी ॲप्स रंगीत चक्र दाखवून आकडा सांगतात, आणि माणूस समाधानाने किंवा चिंतेने ते बंद करतो. अहवालात मात्र पाने असतात. प्रथम नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, दूरध्वनी क्रमांक. मग प्रत्येक कर्जाचे आणि क्रेडिट कार्डाचे स्वतंत्र खाते : कोणी दिले, केव्हा, किती, आज किती बाकी. त्याखाली महिन्यांची एक रांग असते. सिबिलच्या अहवालात ती मागील ३६ महिन्यांपर्यंतची असते आणि प्रत्येक महिन्यासमोर हप्ता किती दिवस थकला होता तो आकडा असतो. तीन शून्ये असतील तर हप्ता वेळेवर भरला. ०३० असेल तर तीस दिवस उशीर. नव्वद दिवसांच्या पुढे गेले की बँकेच्या हिशेबी ते कर्ज अनुत्पादक ठरू लागते. शेवटी चौकशांची यादी असते : कोणकोणत्या संस्थांनी, कोणत्या दिवशी, कशासाठी हा अहवाल मागवला. ही यादी प्रथम वाचावी. ज्या संस्थेकडे कधीच अर्ज केला नाही तिचे नाव तिथे दिसले, तर आपल्या कागदपत्रांवर दुसरे कोणी कर्ज मागत असल्याची ती पहिली खूण असू शकते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. कमी होतो तो बँकांनी कर्जाच्या अर्जासाठी मागवलेल्या चौकश्यांनी, आणि तोही अल्पशा काळात अशा पुष्कळ चौकशा झाल्या तर. एका महिन्यात पाच ठिकाणी अर्ज टाकणारा माणूस कंपनीला घायकुतीला आलेला दिसतो. तो बिचारा केवळ कमी व्याजाच्या शोधात असेल, हे तिला कळण्याचा मार्ग नाही.

बाकी गुणांक कशावर ठरतो हे स्थूलमानाने सर्वांना माहीत असते. परतफेडीचा इतिहास सर्वांत महत्त्वाचा. त्यानंतर मंजूर मर्यादेपैकी किती रक्कम उचलली आहे, खाती किती जुनी आहेत, तारणी आणि बिनतारणी कर्जांचे प्रमाण काय आहे. यांतला उचलीचा भाग मात्र नीट समजलेला नसतो. समजा कार्डाची मर्यादा एक लाख आहे आणि दरमहा नव्वद हजारांचा खर्च त्यावर होतो. बिल आले की पूर्ण रक्कम वेळेवर भरली जाते. एक रुपयाही व्याज लागत नाही. तरीही गुणांक अपेक्षेइतका वाढत नाही, आणि असे लोक संतापतात. कारण बँक कंपनीला कळवते ती बहुधा बिलाच्या दिवशीची बाकी, म्हणजे मर्यादेच्या नव्वद टक्के. कंपनीला तो माणूस महिन्यामागून महिने कडेवर उभा दिसतो. उचल मर्यादेच्या साधारण तीस टक्क्यांच्या आत ठेवावी असा जो सल्ला देतात, त्याचे मूळ येथे आहे.

हेब्बाळमधील तरुण नोकरदारांची पत गरिबीमुळे क्वचितच बिघडते. ती बिघडते ती दुर्लक्षामुळे. नोकरी बदलली, पगार नव्या बँकेत जमा होऊ लागला, आणि दुचाकीच्या कर्जाचा हप्ता मात्र जुन्याच खात्यातून कापला जाण्याची सूचना तशीच राहिली. जुन्या खात्यात पैसे नाहीत, हप्ता परत जातो. त्याचा संदेश येतो तो महाराष्ट्रात असताना घेतलेल्या आणि आता बंद पडलेल्या क्रमांकावर. नोटीस जाते ती गावच्या पत्त्यावर. किंवा महाविद्यालयात असताना मेजावर उभ्या असलेल्या मुलाने आग्रहाने दिलेले कार्ड कधी वापरलेच नाही, पण त्याचे वार्षिक शुल्क लागत राहिले. पाचशे रुपये दोन वर्षांत व्याज-दंडासह काही हजार झाले आणि अहवालात थकबाकीदार म्हणून नोंद झाली. वापरले नाही म्हणून देणे नाही, असे त्या मुलाला प्रामाणिकपणे वाटत असते. कार्ड बंद करायचे असेल तर तसे बँकेला कळवून ते बंद करावे. कपाटात ठेवल्याने त्यावरचे देणे संपत नाही.

याउलट काहींच्या नावे अहवालच नसतो. ज्याने कधी कर्ज घेतले नाही, त्याच्या अहवालात गुणांकाच्या जागी उणे एक किंवा इतिहास नसल्याची खूण दिसते. ऋण काढून सण न करणाऱ्या पिढीची ही गंमत आहे. तीस वर्षे पतसंस्थेचे कर्ज वेळेवर फेडणारे, भिशीचा हप्ता एकदाही न चुकवणारे आजोबा या वहीत कोरे असतात, कारण बहुतेक पतसंस्थांचे आणि भिश्यांचे व्यवहार या कंपन्यांपर्यंत पोहोचत नाहीत. कोरे असणे हा दोष नव्हे. केवळ पतइतिहास नाही म्हणून प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज बँकांनी नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी लोकसभेतही ते सांगितले.

आता शाळेशी जवळचा संबंध असलेल्या एका गोष्टीकडे यावे लागेल. ती म्हणजे नाव. महाराष्ट्रात माणसाचे नाव तीन भागांचे : स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे, आणि आडनाव. कर्नाटकात पुष्कळांचे नाव आद्याक्षरांनी सुरू होते आणि आडनाव असतेच असे नाही. मराठी मुलाचा दाखला एका पद्धतीने लिहिलेला, बंगळुरातल्या कंपनीने बँक खाते उघडताना तो दुसऱ्या पद्धतीने टंकलेला, आणि पॅनवर तिसरेच. ‘व’साठी एका कागदावर इंग्रजी व्ही, दुसऱ्यावर डब्ल्यू. मुलींच्या बाबतीत तर लग्नानंतर आडनाव बदलते, मधले नाव बदलते, आणि काही घरांत पहिले नावही बदलते. मग शिक्षणासाठी माहेरच्या नावाने घेतलेले आणि पूर्ण फेडलेले कर्ज एका नोंदीत, आणि सासरच्या नावाने घेतलेले गृहकर्ज दुसऱ्या नोंदीत असे होऊ शकते. चांगल्या परतफेडीचे श्रेय त्या मुलीला मिळत नाही. याच्या उलटही घडते : पाटील, जाधव, कुलकर्णी ही नावे इतकी सामान्य की नाव आणि जन्मतारीख जुळली तर दुसऱ्याचे कर्ज आपल्या अहवालात येऊन बसते. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी नावाचे इंग्रजी स्पेलिंग घाईत सांगणाऱ्या पालकांना पुढच्या पंचवीस वर्षांची कल्पना नसते. दाखला, आधार, पॅन आणि बँक खाते यांवर नाव अक्षरशः एकच असावे, आणि लग्नानंतर नाव बदललेच तर राजपत्रातील नोंद किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र लावून ते सर्व ठिकाणी एकाच वेळी बदलावे. नाव न बदलण्याचाही पर्याय आहे. तो निवडणाऱ्या मुलींना सासरी कोणी आडवे येऊ नये, एवढे या निमित्ताने स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

जामिनाविषयीही बोलले पाहिजे, कारण मराठी घरांत जामीन राहणे हा नात्याचा भाग मानला जातो. ‘फक्त सहीपुरते या’ असे सांगून मेव्हण्याला, सहकाऱ्याला, वर्गमित्राला बँकेत नेले जाते. कायद्याच्या दृष्टीने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि ते कर्ज जामीनदाराच्या अहवालातही उमटते. कर्जदाराने हप्ता चुकवला तर त्याची झळ जामीनदाराला लागते. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात, तेथेही हेच. मुलाला नोकरी मिळण्यास उशीर झाला, सवलतीची मुदत संपल्याचे कोणाच्या लक्षात राहिले नाही, आणि निवृत्तीला आलेल्या वडिलांच्या नावावर थकबाकी लागली असे होऊ शकते. जामीन राहूच नये असे नाही. राहिल्यास त्या कर्जाचा हप्ता भरला जातो की नाही हे स्वतःच्या अहवालात अधूनमधून पाहता येते, आणि त्यासाठी मेव्हण्याला विचारण्याचे अवघड काम करावे लागत नाही.

आणखी एक शब्द फसवा आहे : ‘सेटल्ड’. कर्ज थकले, वसुलीवाल्याचे फोन सुरू झाले, शेवटी दीड लाखांऐवजी नव्वद हजार भरून प्रकरण मिटले. घरात पेढे वाटले जातात. अहवालात मात्र खात्यापुढे ‘बंद’ असे न येता ‘तडजोडीने मिटवले’ अशा अर्थाची नोंद येते, आणि पुढचा सावकार तिचा अर्थ असा घेतो की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. ही नोंद अनेक वर्षे राहते. खरोखरच अडचण असेल तर तडजोड करण्यात कमीपणा नाही. कर्जाच्या ओझ्याखाली जीव गुदमरण्यापेक्षा ती बरी. परंतु ती काय आहे हे समजून करावी, आणि नंतर ऐपत आली की उरलेली रक्कम भरून ‘देणे नाही’ असा दाखला घेता येतो, हेही ठाऊक असावे.

या आकड्याचे वजन आता बँकेच्या बाहेर पडू लागले आहे, आणि ती काळजीची गोष्ट आहे. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने स्टेट बँकेचा एक निर्णय कायम ठेवला. निवड झालेल्या उमेदवाराचा पतइतिहास खराब म्हणून बँकेने त्याची नियुक्ती रद्द केली होती. लोकांचा पैसा सांभाळणाऱ्या नोकरीत आर्थिक शिस्त पाहणे समजण्याजोगे आहे. पण २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने दुसरी बाजू मांडली होती : विद्यार्थ्याचा गुणांक कमी आहे एवढ्याच कारणाने शैक्षणिक कर्ज नाकारणे योग्य नाही. महाराष्ट्रात मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना बजावले की शेतकऱ्यांना पीककर्ज देताना सिबिलची अट घालू नये. पाऊस पडला नाही म्हणून थकलेला हप्ता आणि परदेश सहलीमुळे थकलेला हप्ता यांत गुणांकाला फरक कळत नाही. गावच्या समितीला तो कळत असे.

विदर्भातील मूर्तिजापूरची बातमी फेब्रुवारी २०२५ मध्ये अनेकांनी वाचली असेल. लग्न जवळपास ठरले असता मुलीच्या मामांनी मुलाचे सिबिल पाहण्याचा आग्रह धरला, त्याच्या नावावर अनेक कर्जे निघाली आणि लग्न मोडले. समाजमाध्यमांवर त्या मामांचे कौतुक झाले. मुलीच्या भवितव्याची काळजी करणे गैर नाही. कर्ज लपवून लग्न करणे तर नक्कीच गैर आहे. तरी पत्रिकेचे गुण, हुंड्याचे आकडे यांच्यानंतर आता हा तिसरा आकडा सोयरिकीत येऊन बसला तर ती प्रगती मानता येणार नाही. शिवाय २००५ च्या कायद्याप्रमाणे पतमाहिती ही गोपनीय आहे. ती कोणाला, कशासाठी देता येते याच्या मर्यादा आखलेल्या आहेत, आणि ओळखीच्या बँक कर्मचाऱ्याकडून दुसऱ्याचा अहवाल काढून घेणे हा त्या मर्यादांचा भंग आहे. पाहायचेच असेल तर मुलाने आणि मुलीने आपापला अहवाल स्वतः एकमेकांसमोर ठेवावा.

राहता राहिली चूक दुरुस्त करण्याची रीत. अहवालात चुकीची नोंद आढळली तर त्या पतमाहिती कंपनीकडे किंवा थेट बँकेकडे तक्रार करता येते. तिला शुल्क नाही. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत तिचा निकाल लागलाच पाहिजे. २०२३ च्या ऑक्टोबरातील रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार या ३० दिवसांपैकी २१ दिवसांत बँकेने खुलासा करायचा असतो, आणि मुदत उलटली तर पुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने आणखी एक सोय केली : कोणत्याही संस्थेने अहवाल मागवला की त्याची सूचना संदेशाने किंवा ईमेलने मिळते. त्यासाठी बँकेत नोंदवलेला क्रमांक चालू असायला हवा. म्हणून महाराष्ट्रातून बंगळुरात आलेल्यांनी सिमकार्ड बदलले असेल तर पहिले काम तेच. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. तेथेही शुल्क लागत नाही आणि वकिलाची गरज नसते. ‘सिबिल दुरुस्त करून देतो’ अशा फलकांखाली बसलेल्यांना हजारो रुपये देऊन जे मिळते, ते यापेक्षा अधिक काही नसते. खरी थकबाकी तर पैसे घेऊनही कोणाला पुसता येत नाही.

चार कंपन्यांचे चार विनामूल्य अहवाल एकाच दिवशी काढून ठेवण्याऐवजी दर तीन महिन्यांनी एक काढला, तर वर्षभर नजर राहते. जानेवारीत एका कंपनीचा, एप्रिलमध्ये दुसरीचा, जुलैत तिसरीचा, ऑक्टोबरात चौथीचा. ज्या घरात वयोवृद्ध आईवडील आहेत, तेथे त्यांचाही अहवाल एकदा शेजारी बसून काढावा. त्यांच्या नावे काहीच नसेल असे गृहीत धरलेले असते, आणि कधीकाळी भाच्याच्या ट्रॅक्टरसाठी केलेली एक सही तेथे अजून शिल्लक असू शकते.